तोफ उतरवायची सोय

इतिहासाच्या पुस्तकात तोफा किल्ल्यावर आपोआप असतात. अमक्या सुलतानानं तटावर तोफा चढवल्या, असं एक वाक्य येतं आणि पुढच्या ओळीत लढाई सुरू होते. शाळेत मलाही ते वाक्य खटकलं नव्हतं. पुढं अख्खी नोकरी वाळूजच्या कारखान्यांत अवजड मशिनं हलवण्यात गेली, आणि आता ते वाक्य वाचलं की माझी कंबर दुखायला लागते. चढवल्या म्हणजे नेमक्या कोणी चढवल्या? सुलतान तर हत्तीवर बसला होता.

मी खलाशी. दचकू नका, समुद्राशी माझा काही संबंध नाही. जिथं क्रेन पोचत नाही तिथं जड वस्तू उचलणाऱ्या, सरकवणाऱ्या आणि जागेवर बसवणाऱ्या टोळीला कारखान्यात खलाशी म्हणतात. आमची हत्यारं पाहिलीत तर हसाल. पहारी, लोखंडी पाइप, लाकडाचे ओंडके, जॅक, कप्प्या आणि दोर. वजनाखाली पहार घालायची, बोटभर उचलायचं, फट पडली की तिच्यात लाकूड सारायचं आणि पुन्हा बोटभर. घाई केली की कोणाची तरी बोटं जातात. आमची बोलीसुद्धा कुठल्याशा बंदरातून फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. ‘हाबेस’ म्हणजे उचला, ‘आर्या’ म्हणजे सोडा. या दोन शब्दांवर माझ्या पोरांची शिक्षणं झाली.

माझे उस्ताद ख्वाजाभाई. शहराच्या जुन्या भागातला माणूस, अंगानं काटक, तोंडात कायम पान. वजनाला हात लावण्याआधी ते त्याच्याभोवती एक चक्कर मारायचे, नवरीमुलगी बघायला आल्यासारखी. त्यांचा एक नियम होता. मशीन बसवून झालं की दुसऱ्या टोळ्या त्याला दोर अडकवायचे लोखंडी कान गॅसनं कापून टाकायच्या, दिसायला साफ दिसावं म्हणून. ख्वाजाभाई कापू द्यायचे नाहीत.

“काटो नक्को,” ते म्हणायचे. “आज अपन बिठाये, कल कोई उठाएगा. उसके वास्ते रस्ता छोडना पडता.”

एका शेठजींना याचा राग आला. नवाकोरा कारखाना, पेढे वाटणं चाललेलं आणि हा माणूस मशीन उठवायची भाषा करतोय. ते म्हणाले, “अरे, माझा कारखाना काय उठून जाणार आहे का?”

ख्वाजाभाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. “सेठ, दौलताबाद भी कां उठके जानेवाला था? पूरी दिल्ली लाके बसाये थे वहाँ.”

शेठजींना ते कळलं की नाही ठाऊक नाही. मला कळायला मात्र वेळ लागला. पुढं काही वर्षांनी तो कारखाना बंद पडला, मशिनं विकली गेली आणि ती उचलायला आमचीच टोळी गेली. आम्ही सोडलेले कान जागेवर होते. काम सकाळी सुरू केलं आणि दुपारच्या डब्याला मोकळे झालो. ख्वाजाभाई मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. बंद कारखान्यात त्यांना घास उतरत नसे.

आमच्या धंद्याचं हे असं आहे. राज्य उभं राहताना आम्ही लागतो आणि बुडतानाही लागतो. मधल्या काळात आमची आठवण कोणाला येत नाही.

याचा मोठा दाखला म्हणजे एक जुनी प्रेस. पत्र्याला आकार देणारं घरभर उंचीचं ते धूड परदेशातून सेकंडहँड आलं होतं. त्याच्या पितळी पट्टीवर ज्या देशाचं नाव होतं, तो देश तोवर नकाशावरून गेलेला. पूर्व जर्मनी. ती बसवायला तिकडून एक म्हातारा आला. आम्ही त्याला बुढ्ढासाब म्हणायचो. तो ख्वाजाभाईंसारखाच आधी प्रेसभोवती चक्कर मारायचा. पहिल्याच दिवशी दोघं समोरासमोरून चक्कर मारत आले, एकमेकांना आडवे आले आणि हसले. एकाचं इंग्रजी मोडकं, दुसऱ्याला इंग्रजीच नाही, पण त्या दिवसापासून त्यांचं असं काही जमलं की आम्ही बघत राहिलो.

प्रेसचं बूड एका खड्ड्यात, वर डोकावणाऱ्या बोल्टांवर बसवायचं होतं. मशीन खाली टेकवायचं तर त्याखालचे दोर काढायचे कसे? दोर काढावेत तर मशीन अधांतरी, ठेवावेत तर मशीन बसत नाही. अशा वेळी खलाशी बर्फ आणतात. खड्ड्यात बर्फाच्या लाद्या रचायच्या, मशीन लाद्यांवर टेकवायचं, दोर आरामात ओढून घ्यायचे आणि बिडी पेटवून बसायचं. बर्फ वितळत जातो, मशीन केसाकेसानं खाली येतं आणि बोल्टांवर असं बसतं की आवाजही होत नाही. बुढ्ढासाबला ही युक्ती माहीत होती. त्यांच्याकडंही असंच करतात म्हणे, फक्त बर्फ विकत आणावा लागत नाही.

बर्फ वितळेपर्यंत त्यानं बापाची गोष्ट सांगितली. कारखान्यातला एक साहेब आम्हाला ती हिंदीत सांगत होता. महायुद्ध हरल्यावर जिंकलेल्या रशियाची माणसं त्यांच्या गावात आली. कारखान्यातली झाडून सगळी मशिनं उचलून रेल्वेत भरा, असा हुकूम झाला. बुढ्ढासाबचा बाप तिथं फिटर. समोर बंदूकवाला शिपाई, पोटात अन्न नाही, आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा कारखाना खोलायचा. बाकीचे रागानं बोल्ट ठोकून काढत होते. बाप मात्र एकेक बोल्ट पुसायचा, त्याला ग्रीस लावायचा आणि चिंधीत बांधून मशिनीलाच अडकवून द्यायचा. सोबत्यांनी शिव्या घातल्या, दुश्मनाची चाकरी करतोस म्हणून. तो म्हणाला, तिकडं हे जोडणाराही कोणीतरी फिटरच असेल.

ख्वाजाभाईंनी हे ऐकलं आणि उठून त्या म्हाताऱ्याला मिठी मारली. बुढ्ढासाबचं निळं जॅकेट पानाच्या लालीनं खराब झालं. तो रशियाही पुढं फुटला, बुढ्ढासाबचा देशही गेला, आणि ती प्रेस आमच्या वाळूजमध्ये दणादणा पत्रे ठोकत राहिली. सम्राटांबद्दल मला आदर नाही असं नाही. एवढी उलाढाल करायला छाती लागतेच. पण माझा खरा रामराम त्या ग्रीस लावणाऱ्याला आहे.

ख्वाजाभाई गेले. टोळी मी सांभाळली. मग हायड्रॉलिकची यंत्रं आली आणि खलाशी कमी होत गेले. आता दहा माणसांचं काम एक पोरगं बटण दाबून करतं. चांगलंच आहे, बोटं वाचली. पण मशिनीभोवती चक्कर मारणारं कोणी उरलं नाही, याचं वाईट वाटतं. मी निवृत्त होऊन पडेगावला घर बांधलं आणि तिथं कुंड्या सरकवत बसलो.

अशात देवयानी मॅडमचा फोन आला. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करणारी तरुण इंजिनिअर. मला काका म्हणते. “काका, तोफ उतरवायचीय. क्रेन जात नाही. येता का?”

पिशोरच्या पलीकडं एक गाव आहे. तिथं गढीचा एकच बुरूज शिल्लक आणि त्यावर एक लोखंडी तोफ, दोन-अडीच टनांची. ती कोणत्या राजवटीची, यावर गावात रोज एक नवी माहिती मिळते. कोणी यादवांपर्यंत मागं नेतो, कोणी निजामापाशी थांबतो. ती कधी उडाल्याचं मात्र कोणालाच आठवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिला तेल आणि शेंदूर लावत आलेत. नवी नवरी आधी तोफेच्या पाया पडते, मग घरात जाते. दसऱ्याला पहिला शेंदूर लावायचा मान देशमुखांचा. हा मान आणि ही तोफ नक्की कोणाची, देशमुखांची की गावाची, या मुद्द्यावर तिथल्या निवडणुका लढल्या जातात.

त्या पावसाळ्यात बुरुजाला बाहेरच्या अंगानं पोट सुटलं. दगड पुढं आले, भेगांत हात जाऊ लागला. आणि त्या पोटाच्या बरोब्बर खाली कौसाबाईचं घर. विधवा बाई, दोन मुली, आणि घरातच पिठाची गिरणी. मुलींना तिनं माहेरी पाठवलं होतं, पण स्वतः हलली नव्हती. गिरणीच्या हादऱ्यानं बुरूज सुटेल म्हणून देवयानीनं गिरणी बंद ठेवायला लावली होती. बाई त्या बंद गिरणीच्या उंबऱ्यात बसून वर बघत असायची.

“मिस्तरी,” ती मला म्हणाली, “घर सोडून जा म्हंत्यात. गिरणी डोक्यावर घिऊन जाऊ का? ही गेली तर म्या खावं काय, आन पोरी शिकवाव्या कशानं?”

मी आणि देवयानी बुरुजावर चढलो. मी सवयीनं तोफेभोवती चक्कर मारली. बाहेरच्या बाजूनं उतरवायचं म्हणजे सरळ कौसाबाईच्या छपरावर. आतली बाजू मजबूत होती, खाली खडक होता. पण आत म्हणजे देशमुखांचं आवार, तिथं त्यांची कांद्यानं भरलेली चाळ, आणि बुरुजाचा आतला कठडा छातीएवढा उंच. तो फोडायचा तर हादरे बसणार.

देवयानी गुडघ्यावर बसून कठडा बघत होती. “काका, इथं चुना नाहीये,” ती म्हणाली. “बाकी सगळीकडं आहे. एवढ्या भागात दगड नुसते रचलेत.”

मी बघितलं. तोफेच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त भाग, बिनचुन्याचा. तिथून दोन हात मागं जमिनीत मातीनं बुजलेलं काहीतरी होतं. पहारीनं उकरलं तर चौकोनी खाच निघाली, आणि तिच्या जोडीला पलीकडं दुसरी. आत खांब रोवायच्या खाचा. खांबाला दोराचे वेढे द्यायचे आणि वजन हळूहळू सोडायचं, ही आमची नेहमीची रीत. त्यांच्या कडा दोरानं घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

तोफ ज्यांनी वर चढवली, त्यांनी जाताना ती उतरवायची सोय करून ठेवली होती. त्यांच्या मालकाला वाटलं असेल की ही तोफ आणि आपलं राज्य इथं कायमचं आहे. टोळीला माहीत होतं की कधीतरी कोणीतरी हिला न्यायला येईल. मी बौद्ध माणूस. माझ्या आजाच्या आधीच्या पिढ्यांनी गावोगाव वेठ केलेली आहे, अशा कितीतरी तोफांचे दोर ओढलेले आहेत. त्यांतलाच कोणी असेल, किंवा ख्वाजाभाईंच्या घरातला. मी डोक्यावरची टोपी काढली. डोळ्यांत पाणी आलं ते देवयानीपासून लपवलं नाही.

आता काम सोपं होतं. आवारात मुरूम टाकून बुरुजापर्यंत उतार करायचा, कठड्याचे दगड काढायचे, तोफ लाकडांवर सरकवत आत आणायची आणि दोरानं धरून उतारावरून खाली सोडायची. फक्त ट्रॅक्टर लागणार होते आणि दोरावर तीसेक माणसं. त्यासाठी चावडीसमोर बैठक झाली आणि सगळं बिघडलं.

सरपंच विलास, तिशीतला पोरगा, उभा राहिला. “तोफ देशमुखाच्या आवारात उतरणार म्हंजे? आत गेली की बाहीर येणार नाय. आमी दोराला हात लावनार नाय.”

तात्या देशमुख सत्तरीचे, पांढरेधोप कपडे. त्यांनीही ऐकवलं, “माझी कांदाचाळ मोडून गावाला रस्ता करून द्यू? कामून? तोफ हाये तिथं राहू द्या.”

दोन्हीकडून माणसं उठली. कोणी पणजोबाचं नाव काढलं, कोणी निजामाची सनद काढली. देवयानी बुरुजाच्या भेगा समजावून सांगत होती, पण तिचा आवाज कोणापर्यंत पोचत नव्हता. एवढ्यात कौसाबाई मध्ये येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हातात गिरणीचं फडकं.

“तोफ कोनाची ते तुमी मागून ठरवा,” ती म्हणाली. “आदी माझ्या डोक्यावरनं काढा. हितं बसल्याल्या समद्यांनी माझ्या गिरणीचं पीठ खाल्लंय. उद्या म्या खाली दबले तर तोफ कोनाची म्हून सांगान?”

तात्या उठून घरी गेले. मला वाटलं, संपलं. पण सकाळी आम्ही गेलो तर तात्या स्वतः चाळीचे पत्रे उचकटत होते. कांदा रस्त्याच्या कडेला ओतलेला. मला बघून म्हणाले, “मिस्तरी, फाटक बी पाडा. ट्रॅक्टर यायला जागा पुरायची नाय.” अर्ध्या तासात विलास पाच ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं तात्यांकडं बघितलं नाही, पण त्याच्या पोरांनी कांदा ताडपत्रीनं झाकला.

उतार तयार झाला. कठड्याचे दगड पिढ्यांनंतर पहिल्यांदा हलले आणि खरोखरच हातानं निघून आले. खाचांत सागाचे खांब रोवले, ते तंतोतंत बसले. आणि तिथंच आम्ही अडलो. दोर तोफेवर टिकेना. शेकडो वर्षांचं तेल आणि शेंदूर, लोण्यासारखा थर. गोणपाट गुंडाळलं तर गोणपाटासकट घसरायचा. खरवडायचं म्हटलं तर गावाच्या श्रद्धेला हात घातल्यासारखं होणार.

खालून कौसाबाई ओरडली, “पट्टा सुटतोय व्हय? थांबा.” ती कोंड्याचं पोतं आणि राळेचा डबा घेऊन वर आली. गिरणीचा पट्टा चाकावरून घसरला की ती हेच करते. तिनं तोफेला आधी हात जोडले, मग दोर बसायच्या जागी मूठमूठ कोंडा चोळला. कोंड्यानं तेल पिऊन घेतलं. वर राळेची पूड टाकली आणि म्हणाली, “लावा आता.” दोर बसला तो चिकटून बसला. मी इतकी वर्षं धंद्यात काढली, पण हे कोणी शिकवलं नव्हतं. बाई मात्र डबा उचलून पुन्हा खाली आपल्या उंबऱ्यात जाऊन बसली.

दोरावर माणसं लावताना शेपटीची जागा उरली. खांबाच्या वेढ्यातून दोर सोडणारा शेवटचा माणूस. त्याला जोर फार लागत नाही, पण तो बिचकला तर पुढचे सगळे गेले. मी नजर फिरवत होतो तेव्हा तात्या पुढं आले. “तिथं म्या हुबा ऱ्हातो.”

“तात्या, हात सोलपटतील,” मी म्हटलं.

“सोलपटू द्या. आमच्यातल्या कोनी ह्या दोराला कधी हात लावल्याला नाय. उभं राहून बघितलंय निस्तं.”

मी त्यांना वेढा धरायला शिकवलं. पांढरेधोप तात्या माझ्या शेजारी बुरुजाच्या मातीत पाय रोवून उभे राहिले. मी हाळी दिली आणि तोफ हलली.

लाकडं करकरली. तोफेचं तोंड कठड्याच्या मोकळ्या जागेतून उतारावर आलं, झुकलं आणि सगळं वजन दोरावर आलं. त्याच क्षणी बाहेरच्या अंगाला दगड सुटले. खाली कौसाबाईच्या पत्र्यावर दणका ऐकू आला. दोन पोरांनी घाबरून दोर सोडला. मी ओरडलो, “कोणी हलू नका!” तात्यांनी डोळे मिटले होते, ओठ घट्ट, पण वेढा सुटला नव्हता. विलास धावत मागं आला आणि त्यानं तात्यांच्या हातांवर आपले हात ठेवले. गल्लीतून कौसाबाईचा आवाज आला, “म्या हाये! पत्राच फुटलाय. तुमी सोडा सावकाश.”

मी म्हटलं, “आर्या.” अख्ख्या गावानं तो शब्द पहिल्यांदाच ऐकला असेल, पण सगळ्यांना कळला. बोटाबोटानं दोर सुटत गेला आणि तोफ उतारावरून खाली आली. तात्यांचे तळवे सोलून निघाले होते. त्यांनी ते सदऱ्याला पुसले आणि पांढऱ्या सदऱ्यावर लाल पंजे उमटले.

देवयानीच्या माणसांनी लगेच बुरुजाला आतून टेकू लावले आणि बाहेरचे सुटे दगड उतरवून घेतले; आता गिरणीच्या हादऱ्याची भीती उरली नव्हती. तोफ तात्यांच्या पडलेल्या फाटकातून बाहेर निघाली आणि ट्रॅक्टरनं चौकात आली. कोणाचंही दार नसलेली जागा, हे तात्यांनीच सुचवलं होतं. तिथं गवंड्यानं दगडी बैठक केली होती, तोफेच्या पोटाच्या मापाची. दोर काढायला फट नाही. मी विलासला म्हटलं, “कन्नडच्या बाजारातून बर्फ आण.”

त्याला वाटलं सरबत करायचंय.

लाद्या रचल्या, त्यांवर तोफ ठेवली, दोर काढून घेतले. आणि मग सारं गाव चौकात बसून बर्फ वितळताना बघत राहिलं. करण्यासारखं काही नव्हतंच. पाण्याचे ओघळ माणसांच्या पायाखालून गेले. तात्या आणि विलास एकाच ओट्यावर बसले होते. तोफ केसाकेसानं खाली येत होती. मला बुढ्ढासाब आणि ख्वाजाभाई आठवले. आणि ज्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत, ते चुना न लावणारे आठवले. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

संध्याकाळी तोफ बसली. जाण्याआधी मी दोन्ही टोकांना बैठकीच्या दगडात खाचा करून घेतल्या, पुढं कोणाला न्यावी लागली तर दोर घालता यावा म्हणून. गवंड्यानं का म्हणून विचारलं नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. शेंदराचं ताट आलं आणि पहिला मान कोणाचा, यावरून पुन्हा आवाज चढले. एक म्हणाला देशमुखांचा, दुसरा म्हणाला आता तोफ चौकात आहे तर सरपंचाचा. पुन्हा पणजोबा निघाले. शेवटी तात्यांनी सोललेला हात वर केला. “तुमी दोघं बी बसा. पैला शेंदूर कौसाबाई लावंल.” विलासनं मान डोलावली. सगळ्यांना पटलं. ताट घेऊन तिला शोधायला लागले. ओट्यावर नाही, बायकांत नाही, तोफेपाशी नाही.

विलास हाका मारत होता. तेवढ्यात बुरुजाच्या गल्लीतून पट्ट्याची फटफट ऐकू आली, मग जात्याची घरघर सुरू झाली, आणि चौकातल्या बायका एकेक करून दळणाचे डबे आणायला घराकडं निघाल्या.